हाताला काम, मताला मान

तुमच्या घरात बारावी होऊन नोकरीची वाट पाहणारा मुलगा किंवा मुलगी आहे का? धंद्याचे नाव काढले की "भांडवल बुडाले तर?" अशी धास्ती तुम्हालाही वाटते ना? मग हे वाचा.

कर्नाटकातील धर्मस्थळाजवळच्या उजिरे गावी १९८२ साली डॉ. वीरेंद्र हेगडे यांनी सिंडिकेट बँक व कॅनरा बँकेच्या साथीने 'रुडसेटी' ही संस्था सुरू केली. नुसते कर्ज दिले तर ते बुडू शकते आणि नुसते प्रशिक्षण दिले तर भांडवल अडते. म्हणून येथे आधी मोफत निवासी प्रशिक्षण, मग कर्जासाठी मदत आणि पुढे दोन वर्षे पाठपुरावा होतो. शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, दुग्धव्यवसाय यांसोबत हिशेब ठेवणेही शिकवतात. हाच नमुना पुढे 'आरसेटी' नावाने देशभर पोहोचला. या कामाची राष्ट्रीय अकादमी बेंगळुरूत आहे.

पण कमावता झाला की तरुणाचे कर्तव्य संपते का? दुकानासमोरचा रस्ता, गटार, पथदिवे हेही त्याचेच प्रश्न आहेत. बेंगळुरूतच २००१ साली सुरू झालेली 'जनाग्रह' संस्था शाळकरी मुलांनाही आपल्या वॉर्डातील प्रश्न शोधायला शिकवते.

या आठवड्यात दोन कामे करा. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत 'आरसेटी'ची चौकशी करा. आणि मूल सतरा वर्षांचे झाले असेल, तर मतदारयादीसाठी त्याचा आगाऊ अर्ज भरा. मात्र अर्ज त्यालाच भरू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा!