घरचा सर्व्हर: आधी प्रत, मग मालकी

गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट साठवण बंद केली आणि नवे फोटो १५ जीबीच्या मर्यादेत मोजायला सुरुवात केली. कुणाचे फोटो गेले नाहीत. अटी तेवढ्या बदलल्या, आणि त्या बदलताना वापरणाऱ्याला कुणी विचारलं नाही. घरी स्वतःचा सर्व्हर ठेवण्याचं खरं कारण हे आहे. पैसे वाचतात हा युक्तिवाद फारसा टिकत नाही. जुना लॅपटॉप सरासरी १५ वॅट घेत असेल तर चोवीस तास चालवून वर्षाला सुमारे १३१ युनिट होतात. माळ्यावरचा डेस्कटॉप ६० वॅट घेत असेल तर ५२५. त्यात नव्या हार्ड डिस्कची किंमत मिळवली की क्लाउडचं भाडं तितकं जाचक वाटत नाही. लॅपटॉपची बॅटरी धड असेल तर वीज गेल्यावरही तो काही वेळ तग धरतो, हा आणखी एक फायदा. (बॅटरी फुगलेली असेल तर मात्र ती आधी काढावी.)

नवशिक्याची गफलत यंत्र निवडताना कमी आणि क्रम लावताना जास्त होते. लिनक्स चढवलं, अॅप्स वेगवेगळी चालवणारं डॉकर टाकलं, की फोटोंसाठी इमिच आणि फायलींसाठी नेक्स्टक्लाउड शनिवार-रविवारात उभं राहतं. लगेच फोनमधले मूळ फोटो पुसले जातात आणि इथेच घात होतो. ‘दोन डिस्क रेडमध्ये जोडल्यात की, दोन्हींवर तेच लिहिलं जातं,’ असं यावर उत्तर मिळतं. पण रेड कामाला येते ती डिस्क बिघडल्यावर. चुकून पुसलेला फोल्डर ती दोन्हीकडून तितक्याच तत्परतेने पुसते. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला, तेव्हा नेहमीच्या बॅकअपपैकी एकही कामी येईना. सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी काढलेली प्रत हाताशी होती, म्हणून निभावलं. तिथे ही गत, तर घरी काय? म्हणून एक प्रत वेगळ्या डिस्कवर, एक घराबाहेर, आणि त्या प्रतींवरून थोडे फोटो खरोखर परत आणून पाहणं, ही पहिली पायरी. ‘मग क्लाउड सोडायचाच नाही का?’ बाहेरची प्रत सांकेतिक रूपात तिथेच खुशाल ठेवावी. अटी बदलल्या तर ती उचलून दुसरीकडे नेता येते, आणि तोवर मूळ संग्रह घरीच असतो.

दुसरा मोह म्हणजे बाहेरून फोटो दिसावेत म्हणून राउटरचं पोर्ट उघडणं. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंटरनेटवर उघडी असलेली क्यूनॅपची साठवण-यंत्रं गाठून फायली कुलूपबंद केल्या आणि प्रत्येक मालकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. आपल्याकडे अनेक ब्रॉडबँड जोडण्यांत एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे पोर्ट उघडूनही बाहेरून वाट मिळत नाही. नवशिके यावर चिडतात. माझ्या मते ही अडचण त्यांच्या पथ्यावर पडते. वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर चालणारं टेलस्केल फोनवर आणि सर्व्हरवर टाकलं की पोर्ट न उघडता दोघांची गाठ पडते, आणि घरच्या चार माणसांना तेवढं पुरतं.