बीटीने नेमकं किती दिलं?

2002 साली भारतात बोंडअळीला रोखणाऱ्या, जनुकबदल केलेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि दहाएक वर्षांत वर्धा जिल्ह्यात देवळी-हिंगणघाटकडे बिगर-बीटी कापूस शोधावा लागू लागला. या बियाण्याने उत्पादन नेमकं किती वाढवलं, यावर मात्र अभ्यासकांचं एकमत नाही. काथागे आणि कैम यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या शेतकऱ्यांच्या 2002 ते 2008 मधल्या नोंदी तपासून 2012 मध्ये एकरी 24 टक्के वाढ सांगितली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी ग्लेन स्टोन यांच्यासह 2020 मध्ये वीस वर्षांचे आकडे मांडले आणि वाढीचं श्रेय मुख्यतः खतं, ओलीत आणि नव्या कीटकनाशकांना दिलं.

मतभेदाचं मूळ तुलनेत आहे. सुरुवातीला 450 ग्रॅमचं पाकीट सोळाशे रुपयांच्या घरात होतं. ते आधी घेणार कोण? ज्याच्याकडे विहीर, भारी जमीन आणि हाती पैसा, तो. बोर धरणाच्या कालव्यावरचा बीटी कापूस आणि आर्वीच्या माळावरचा कोरडवाहू साधा कापूस शेजारी ठेवले, तर मधल्या फरकात पाण्याचा वाटा किती आणि बियाण्याचा किती, हे कळत नाही. त्याच वावरात, त्याच हंगामात दुसरं बियाणं पेरलं असतं तर काय पिकलं असतं, हा खरा प्रश्न. आणि ते पीक कधीच कोणाला दिसत नाही. यर्झी नेमान या पोलिश संख्याशास्त्रज्ञाने 1923 मध्ये शेतीच्या प्रयोगांसाठीच ही अडचण गणितात मांडली होती.

गेल्या काही वर्षांत त्या न दिसलेल्या पिकाचा अंदाज घ्यायला न्यूरल नेटवर्क वापरली जातात. जमिनीची खोली, पेरणीची तारीख, पावसाचा खंड, कर्ज यांचा परिणाम एकमेकांत गुंतलेला असतो. साध्या सूत्रात न बसणारी ती गुंतागुंत नेटवर्क भरपूर नोंदींवरून शिकतं. पण ते भाकितासाठी घडलेलं असतं आणि त्याच्या भाकितातली चूक थेट उत्तरात उतरते. म्हणून दोन अंदाज बांधतात. अशा शेतात किती पिकेल, हा एक. असा शेतकरी बीटी निवडण्याची शक्यता किती, हा दुसरा. दोन्ही अशा रीतीने जोडतात की नोंदी पुरेशा असतील तर एक चुकला तरी दुसरा उत्तर सावरतो. शिवाय ज्या शेतांवर नेटवर्क शिकलं, त्यांच्यावर हिशेब न करता तो बाजूला ठेवलेल्या शेतांवर करतात. मला ही पद्धत मोलाची वाटते, कारण चूक होणार हे धरूनच ती बांधलेली आहे.

मग वाद मिटला का? नाही. शेतकऱ्याची मेहनत किंवा कृषी केंद्रचालकाचा सल्ला नोंदीतच नसेल, तर कोणतंही नेटवर्क तो हिशेबात धरू शकत नाही. शेजाऱ्याच्या बीटीमुळे आपल्याकडची बोंडअळी घटली असेल, तर तुलनाच डळमळते. आणि जिथे जवळजवळ सगळेच बीटी लावतात, तिथे तुलनेला दुसरी बाजू उरत नाही. अनुभवी शेतकऱ्याला हे आकड्यांवाचून कळतं, असा आक्षेप घेतला जातो. आपल्या वावरापुरतं ते खरं आहे. पण 2017 मध्ये बीटीला दाद न देणाऱ्या गुलाबी बोंडअळीने विदर्भ झोडपला, तेव्हा वाणाचा दोष किती आणि हंगामाचा किती, हे एका वावरावरून ठरवणं शक्य नव्हतं.

आता सघन, म्हणजे दाट अंतरावरच्या कापूस लागवडीचा प्रसार सुरू आहे आणि तिच्याबाबतही हाच प्रश्न येणार. राज्य सरकारच्या महाडीबीटी या अनुदान-पोर्टलवर काही वर्षं कृषी योजनांचे लाभार्थी सोडतीने निवडले गेले. सोडतीत विहीर, पैसा, ओळख काहीच चालत नाही. त्यामुळे नाव निघालेले आणि न निघालेले यांची तुलना आपोआप सरळ होते. सघन लागवडीचं अनुदानही सोडतीने द्यावं आणि दोन्ही गटांचं उत्पादन, ओलीत व फवारणी पहिल्याच हंगामापासून नोंदवावी, अशी कृषी विभागाला विनंती आहे.