महाराष्ट्रातील घरांच्या वीटकामावर हवामानाचा होणारा परिणाम : कारणे व उपाय

प्रस्तावना :
निवारा ही मानवाची मूलभूत गरज होय. सर्वसामान्य कुटुंब आयुष्यभराची पुंजी घर बांधण्यात खर्च करते. परंतु बांधलेल्या भिंतीची निगा राखण्याकडे मात्र दुर्लक्ष होते. पावसाळ्यात भिंतीवर ओल दिसली की दिवाळीपूर्वी रंग दिला जातो आणि पुढील वर्षी तोच डाग पुन्हा उमटतो. दोष रंगाचा नसून भिंतीत कोंडलेल्या पाण्याचा असतो. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेची कारणे व त्यावरील उपाय यांचा विचार केला आहे.

हवामानाचे परिणाम :
१) पाऊस : भाजलेली वीट सच्छिद्र असते. भारतीय मानकानुसार सामान्य वीट २४ तास पाण्यात बुडविल्यास तिने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषलेले चालते. म्हणजेच तीन किलो वजनाची निर्दोष वीटही ६०० ग्रॅमपर्यंत पाणी धरू शकते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे पश्चिम व नैऋत्य दिशेच्या भिंतींवर पावसाची झड अधिक बसते. म्हणूनच कोकणात या बाजूंना माडाच्या विणलेल्या झावळ्या बांधण्याची प्रथा आहे.

२) जमिनीतील ओल व लोणा : जमिनीतील पाणी केशाकर्षणाने भिंतीत वर चढते. त्यासोबत विरघळलेले क्षारही येतात. पावसाळ्यानंतर पाणी बाष्परूपाने निघून जाते, क्षार मात्र पृष्ठभागाजवळ स्फटिकरूपात साचतात. यालाच ‘लोणा लागणे’ असे म्हणतात. थंड प्रदेशांत विटेतील पाणी गोठून ती फुटते. आपल्याकडे तेच काम हे वाढणारे स्फटिक करतात आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात.

३) ऊन : विदर्भात उन्हाळी तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. तापमानात ३० अंशांचा फरक पडल्यास १० मीटर लांबीची भिंत सुमारे दीड ते दोन मिलिमीटर प्रसरण पावू पाहते. या हालचालीला वाव नसल्यास तडे जातात व त्यांतून पुढील पावसाचे पाणी आत शिरते.

एक गैरसमज :
‘सिमेंटचा गिलावा केला की भिंत पक्की झाली’ ही समजूत जुन्या घरांसाठी घातक आहे. चुन्यातील वीटकाम ओल घेते, तसेच ती बाहेरही सोडते. त्यावर घट्ट सिमेंटचा थर दिल्यास पाणी तड्यांतून आत जाते, परंतु बाहेर पडू शकत नाही. कालांतराने गिलावा फुगतो आणि आतील वीट मऊ पडते.

उपाययोजना :
प्रथम पाण्याचा उगम शोधावा. गळकी पन्हळ, फुटलेला नळ, छज्जाच्या खालील बाजूस पाणी गळून पडण्यासाठी खाच नसणे ही नेहमीची कारणे होत. अंगणाची पातळी जोत्याखाली ठेवून उतार घरापासून दूर द्यावा. भिंतीला टेकून माती वा वाळू साठवू नये. नवीन बांधकामात जोते सभोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर उंच ठेवावे व जोत्यावर ओलरोधक थर घालावा.

लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करावा. तो पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा विटेत शिरतात. दरजा झिजल्या असल्यास सुमारे २० मिलिमीटर खोल खरवडून, ओलसर करून नव्याने भराव्यात. भरावयाचा मसाला विटेपेक्षा कठीण नसावा. जुन्या चुन्याच्या कामास चुन्याचाच मसाला योग्य ठरतो. ही कामे हिवाळ्यात, भिंत वाळल्यानंतर करावीत आणि रंग सर्वांत शेवटी द्यावा. भिंत फुगली, कलली किंवा तडा रुंदावत असेल, तर घरगुती डागडुजी न करता स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा. येथे प्रश्न जीविताचा असतो.

निष्कर्ष :
वीट भिजणे हा तिचा स्वभाव आहे. ती वाळू न देणे हा आपला दोष आहे. पाणी भिंतीपासून दूर ठेवणे आणि आत शिरलेल्या ओलीस बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवणे, ही दोन तत्त्वे पाळल्यास दरवर्षी रंगावर होणारा खर्च वाचतो व घराचे आयुष्य वाढते.