पायरहाट : प्रदर्शनासाठी पायाने चालणाऱ्या पंपाची रचना आणि तिची परिभाषा

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने पंपाविषयी लिहावे, हे वाचकांस प्रथमदर्शनी काहीसे विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे. म्हणून त्याचे कारण आरंभीच सांगितलेले बरे. नागपूर-भंडारा मार्गावरील शहापूर या गावाच्या परिसरातील एका विद्यालयाने विज्ञान-प्रदर्शनासाठी सायकलच्या पायडलांवर चालणारा पंप तयार केला होता, आणि त्याच्या निरनिराळ्या भागांखाली लावावयाच्या मराठी पाट्या लिहून देण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. काम एका सायंकाळचे वाटले. परंतु लिहावयास बसल्यावर असे आढळून आले की, काही वाक्ये काही केल्या पुरी होत नाहीत. आणि ती पुरी होत नाहीत याचे कारण भाषेत नसून यंत्राच्या रचनेत आहे. पाट्या बाजूला राहिल्या आणि पंप बदलावा लागला. तो कसा व का बदलला, याची ही हकीकत आहे.

मूळ रचना अशी होती. जुनी सायकल लोखंडी चौकटीवर उचलून बसविलेली; तिच्या मागच्या चाकाला घासून फिरणारी पाच सेंटिमीटर व्यासाची रूळी; आणि त्या रूळीच्या दांड्यावर एक छोटा केंद्रोत्सारी पंप. पायडलाशी असलेल्या चक्राला ४८ दाते व मागील फ्रीव्हीलला १८, म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचे २.६७ फेरे. चाकाचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात रूळीचे १४ फेरे. दोहोंचा गुणाकार ३७ च्या वर जातो. मिनिटास ५० फेरे पायडल मारणाऱ्या मनुष्याकडून पंपाला १,८०० हून अधिक फेरे मिळतात. हिशेब कागदावर उत्तम आहे, आणि धट्टाकट्टा तरुण सीटवर बसला म्हणजे पाणीही उत्तम पडते.

परंतु प्रदर्शनाला येणारी मंडळी धट्टीकट्टी तरुण नसतात. केंद्रोत्सारी पंप पाणी किती उंच नेऊ शकेल, हे त्याच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग निम्मा झाला की उंची एक-चतुर्थांश होते. मिनिटास २,८०० फेऱ्यांना पंधरा मीटर उंची गाठणारा पंप घेतला, तर वरील जोडणीत ५० पायडलांना ती ६.७ मीटर आणि २५ पायडलांना अवघी १.७ मीटर भरते. टाकी दोन मीटर उंच ठेवलेली असेल, तर सावकाश पायडल मारणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला पाण्याचा एक थेंबही दिसणार नाही. तो श्रम तर करीत असतो, पण त्याच्या श्रमाचे फळ शून्य असते. आणि शेजारचा दांडगा मुलगा थोडा अधिक वेग देतो तेव्हा एकाएकी धार सुरू होते. यातून मुलांनी कोणता नियम शिकावा? शिवाय या पंपात आधी पाणी भरून ठेवावे लागते, आणि नळाच्या टोकाची झडप गळकी निघाली की ते उतरून जाते. शेतकरी त्याला ‘पंपाने हवा धरली’ असे म्हणतात. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने ही उक्ती निर्दोष आहे, आणि त्या दिवशी पंपाने दोनदा हवा धरली.

बघ्यांत एक वृद्ध शेतकरी होते. धार पडू लागल्यावर ते म्हणाले, “पानी येते, पर कोन आनते ते दिसत नाही.” झाडीपट्टीतील बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो हे येथील वाचकांस ठाऊकच आहे, मला त्या वाक्यात उच्चारापेक्षा त्याचे व्याकरण महत्त्वाचे वाटले. ‘येते’ आणि ‘आनते’ या दोन क्रियापदांत कर्त्याचा प्रश्न त्यांनी अचूक उभा केला होता. माझ्या अपुऱ्या पाटीतही हेच अडले होते. ‘... पाणी वर नेतो’ या वाक्याचा कर्ता कोण? पंपाचे पाते डब्यात बंद असते. डबा काळा व अपारदर्शक. कर्त्याच्या जागी ‘पंप’ हा शब्द लिहिला, तर ज्याचा उलगडा करावयाचा तोच शब्द उलगडा म्हणून पुढे केल्यासारखे होते.

मराठीत पाणी वर आणण्याच्या क्रियेला जे शब्द आहेत, त्यांची येथे थोडी तपासणी करणे अवश्य आहे. ‘शेंदणे’ म्हणजे दोर व भांडे यांच्या साहाय्याने हाताने काढणे. क्रिया तुटक आहे, प्रत्येक पोहऱ्याबरोबर ती पुन्हा आरंभ होते. ‘उपसणे’ या क्रियेचे लक्ष ज्या जागेतून पाणी जाते तिच्याकडे असते. म्हणूनच पाणी उपसता येते तशी विहीरही उपसता येते आणि गाळही. ‘चढविणे’ याचे लक्ष उलट बाजूला, म्हणजे पाणी जेथे पोहोचते त्या जागेकडे आहे. हे तिन्ही शब्द अनुभवाशी इमानी आहेत. ‘ओढणे’ मात्र फसवे आहे. ‘पंप पाणी ओढतो’ असे आपण सर्रास म्हणतो, आणि त्यामुळे पंपात कसला तरी हात असून तो खालचे पाणी खेचतो अशी समजूत होते. वस्तुतः पंप नळीतील हवेचा दाब कमी करतो एवढेच. पाणी वर चढते ते बाहेरील वातावरणाने त्याला खालून रेटल्यामुळे. ओढणेच खरे असते, तर जोरदार पंपाने कितीही खोल पाणी ओढले असते. तसे होत नाही. समुद्रसपाटीला सुमारे १०.३ मीटरांवर वातावरणाची शक्ती संपते, आणि व्यवहारात सहा-सात मीटरांपलीकडे भरवसा धरता येत नाही. या मर्यादेची नोंद गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात केली होती; तिचे बरोबर कारण त्याच्या मृत्यूनंतर तोरिचेल्लीने १६४३-४४ च्या सुमारास पाऱ्याच्या प्रयोगाने दाखविले. जी गोष्ट गॅलिलिओला नीट उलगडली नाही, ती पाटीवरील एका चुकीच्या क्रियापदाने मुलांना आणखी दुर्बोध करून ठेवणे योग्य नव्हे.

तेव्हा ज्या यंत्राविषयी ‘उचलणे’ हे क्रियापद अक्षरशः खरे ठरेल, असे यंत्र शोधावयाचे ठरले. ते शोधण्यास दूर जावे लागले नाही. संस्कृत ‘अरघट्ट’, प्राकृत ‘अरहट्ट’ आणि मराठी ‘रहाट’ या परंपरेतील यंत्रात गाडग्यांची माळ चाकावरून फिरते, खालचे गाडगे भरते, वरचे रिते होते. कोण काय करतो हे आंधळ्यालाही आवाजावरून कळावे. संसाराच्या रहाटगाडग्याची उपमा घरोघर रूढ झाली ती या उघडेपणामुळेच. कोकणातील बागायतीत, जेथे पाणी फार खोल नसे, तेथे हा रहाट बैलाऐवजी माणूस पायाने फिरवीत असे आणि त्याला ‘पायरहाट’ म्हणत. चीनमध्येही पायांनी चालविण्याचा फळ्यांच्या माळेचा पंप शतकानुशतके भातशेतीला पाणी देत आला. विसाव्या शतकात याच कल्पनेला नळीची जोड मिळाली : गाडग्यांच्या ऐवजी दोरीवर ठरावीक अंतराने ओवलेल्या तबकड्या, आणि त्यांना जेमतेम आत जाऊ देणारी उभी नळी. निकाराग्वा देशात हा दोरीचा पंप मोठ्या प्रमाणावर पसरला. बांगला देशात रंगपूरकडे १९८० च्या सुमारास दोन बांबूंवर उभे राहून चालविण्याचा दट्ट्यांचा पंप निघाला, तोही पायाचाच. परंतु त्याचे दट्टे नळकांड्यात झाकलेले राहतात, म्हणून आमच्या कामास तो उपयोगी नव्हता.

आता आकडे. नळी पारदर्शक, आतील व्यास ४ सेंटिमीटर. तिचे छेदक्षेत्र १२.६ चौरस सेंटिमीटर भरते. वर दोरी फिरविण्यासाठी सायकलची रिम, जिच्या खोबणीत दोरी बसते तेथील परीघ सुमारे १.९५ मीटर. येथे एक गमतीचा अडथळा आला. सायकल ही वेगासाठी जन्मलेली वस्तू आहे. ४८ व १८ दात्यांची तीच जोडणी ठेवली असती, तर दोरी सेकंदाला चार मीटरांहून अधिक वेगाने धावली असती आणि पायडल जागचे हलले नसते. म्हणून चक्रांची अदलाबदल करावी लागली : पायडलाशी २२ दाते आणि चाकाशी ४४. पायडलाच्या ५० फेऱ्यांत चाकाचे २५ फेरे होतात, दोरीचा वेग सेकंदास ०.८१ मीटर, आणि नळीतून जाणारे पाणी सेकंदास एक लिटर. तबकडी व नळी यांच्या फटीतून पाचवा हिस्सा परत गळतो असे धरले तरी मिनिटास ४८ लिटर पडते. पंधरा लिटरची बादली एकोणीस सेकंदांत भरते. दोन मीटर उंचीसाठी या पाण्याला मिळणारी शक्ती १६ वॉट आहे. प्रौढ मनुष्य दीर्घकाळ सुमारे ७५ वॉट, म्हणजे अश्वशक्तीचा दहावा हिस्सा देऊ शकतो. मुलाची शक्ती त्याच्या निम्मी धरली आणि घर्षणात निम्मे गेले असे मानले, तरी काम निभते. मुख्य गोष्ट ही की, फार सावकाश पायडल मारले तर फटीतून गळती अधिक होते, पण तबकड्या वर चढताना आणि त्यांच्यावरचे पाणी निसटताना दिसते. श्रम वाया का गेला, तेही नळीतच वाचता येते.

(सायकल आणि पंप यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावातील सायकलींच्या दुकानाने झाला, आणि पुढे त्याच घराण्याचे नाव शेतकऱ्याच्या तोंडी पंपाशी जोडले गेले.)

प्रदर्शनातील वस्तूवर शेकडो हात पडतात. सायकल एका स्वाराची असते. हा फरक किती महाग पडतो, हे आपल्याच राज्यातील हातपंपांच्या इतिहासात दिसते. पाश्चात्य देशांतील एका कुटुंबापुरत्या वापरासाठी घडविलेल्या धाटणीचे ओतीव लोखंडी पंप आमच्या गावांत संपूर्ण वस्तीसाठी बसविले गेले, आणि ते वरचेवर मोडू लागले. जालना व सोलापूर येथील कार्यशाळांनी त्यात सुधारणा केल्या. सोलापूरच्या पंपात दांडा एकाच खिळीवर आणि गज साखळीला टांगलेला असल्यामुळे झीज पुष्कळ कमी झाली. १९७० नंतरच्या दशकात सिद्ध झालेला ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप याच रचनेवर आधारलेला आहे. आम्हीही सायकलचे छर्रे काढून दोन्ही बाजूंना बंदिस्त बेअरिंगे घातली, चेनवर जाळी बसविली, आणि पायडल सोडताच नळीतील पाण्याच्या वजनाने ती उलटी फिरून मुलाच्या नडगीवर बसू नयेत म्हणून चाकाला खिटी लावली. नळीभर पाण्याचे वजन अडीच किलो असते. नडगीला तेवढे पुरेसे आहे.

एका सहकाऱ्यांनी जड गतिचक्र जोडण्याची सूचना केली. ती सूचना करण्यास आधार होता. नागपूर येथे डॉ. जे. पी. मोडक आणि त्यांचे सहाध्यायी यांनी मनुष्यचलित गतिचक्रावर दीर्घकाळ संशोधन केले आहे : स्वार एक-दोन मिनिटे पायडल मारून चक्रात ऊर्जा साठवितो, आणि ती थोड्या सेकंदांत सोडून विटा दाबण्यासारखे, त्याच्या प्रत्यक्ष शक्तीबाहेरचे काम करून घेतो. विदर्भातील यंत्रशास्त्राला ही मोठी देणगी आहे. परंतु पाणी उचलण्याचा भार एकसारखा असतो, त्याला साठवण लागत नाही. आणि गतिचक्र श्रम व फळ यांच्यामध्ये पुन्हा एक पडदा टाकते. सूचना आदरपूर्वक बाजूला ठेवली.

पंप कोठून कोठे पाणी नेणार, हाही प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांतून पाणी तुडुमातून सुटते आणि उताराने बांध्यांत जाते. येथील जलव्यवस्थेची सारी बुद्धी पाण्याला उतरू देण्यात आहे, चढविण्यात नव्हे. मूळ प्रदर्शनात एक निळी प्लास्टिकची टाकी खाली आणि एक वर, एवढाच देखावा होता. नव्या मांडणीत खाली बोडी आहे, वर धानाची बांधी. पाऊस लवकर गेल्यावर बोडीचे पाणी बांधीच्या पातळीखाली उतरते आणि तुडुम निरुपयोगी होतो, त्या दिवसांतील ही स्थिती आहे. वरचे पाणी पुन्हा उताराने बोडीत येते.

नावाविषयी वाद झाला. विज्ञानशिक्षकांस ‘पदचलित जलोत्तोलक’ हवे होते. नागपूरच्या परिसराला अशा शब्दांचा वारसा आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास डॉ. रघुवीर यांनी येथेच संस्कृत धातूंवरून परिभाषेचा प्रचंड संभार रचला. त्या पद्धतीची मी थट्टा करणार नाही. ‘केंद्रोत्सारी’ हा शब्द वर मीच वापरला आहे, कारण त्या पंपाला लोकभाषेत स्वतंत्र नाव नाही. ज्या वस्तूला लोकांनी आधीच नाव दिले आहे, तिचे पुन्हा बारसे करण्याचा अधिकार मात्र आपल्याला पोहोचत नाही. ‘पायरहाट’ हा शब्द कोकणातला, झाडीपट्टीत रूढ नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु ‘पाय’ आणि ‘रहाट’ हे दोन्ही येथे कळतात. ‘उत्तोलक’ कळत नाही.

अखेर पाट्या चार झाल्या. तुम्ही पायडल मारता. चाक दोरी फिरविते. दोरीवरची तबकडी नळीतले पाणी उचलते. पाणी बांधीत पडते. पहिल्या तीन वाक्यांत कर्ता आहे आणि त्याच्याकडे बोट दाखविता येते. चौथ्यात कोणाला काही करावे लागत नाही, म्हणून क्रियापद अकर्मक ठेवले आहे. लेखन प्रमाण मराठीत केले. वाचणाऱ्याने ‘पानी’ म्हणावे. तबकड्या सध्या जुन्या टायरच्या रबराच्या आहेत. त्या भिजून फुगतात आणि नळीत अडकतात असे पहिल्याच आठवड्यात दिसले, तेव्हा पुढील खेपेस त्या कडक प्लास्टिकच्या करावयाच्या आहेत.