राऊटरचे पत्तेवाटप : स्थिर आणि स्वयंचलित

घरातील वा कार्यालयातील जाळ्यात जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता लागतो; प्रचलित चौथ्या आवृत्तीत तो ३२ बिटांचा असून १९२.१६८.१.२५ असा चार आकड्यांत लिहितात. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखीव असल्याने ते असंख्य घरांत एकाच वेळी वापरता येतात.

हे पत्ते वाटण्याची डीएचसीपी ही नियमावली १९९३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. वाय-फायला नव्याने जोडलेल्या फोनला स्वतःचा पत्ता नसतो आणि राऊटरचाही ठाऊक नसतो, म्हणून तो साऱ्या जाळ्याला उद्देशून विचारणा करतो. राऊटर एक मोकळा पत्ता देऊ करतो, फोन त्याची रीतसर मागणी करतो आणि राऊटर ती मंजूर करतो. हा पत्ता ठरावीक मुदतीपुरताच असतो व साधारणपणे निम्मी मुदत सरली की उपकरण मुदतवाढ मागते. उत्तरच मिळाले नाही, तर विंडोज संगणक १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतो. तो दिसल्यास दोष इंटरनेट सेवेत नव्हे, तर संगणक आणि राऊटर यांच्या दरम्यान शोधावा.

फोनचा पत्ता बदलला तरी बिघडत नाही, पण प्रिंटरचा बदलला तर संगणक जुन्याच पत्त्यावर छपाई धाडत राहू शकतो. म्हणून प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर अशा उपकरणांना स्थिर पत्ता देतात. येथेच नेहमीची चूक घडते. राऊटर पत्त्यातील शेवटच्या आकड्यासाठी १०० ते १९९ हे क्रमांक वाटत असताना प्रिंटरवर हाताने १०५ लिहिला, तर तोच क्रमांक एखाद्या फोनलाही मिळू शकतो आणि दोघांचीही जोडणी अधूनमधून तुटू लागते. स्थिर पत्ता या पट्ट्याबाहेरचा हवा, शिवाय पत्त्याचा कोणता भाग जाळ्याचा हे सांगणारा सबनेट मास्क, गेटवे म्हणजे राऊटरचा स्वतःचा पत्ता आणि संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधणारा डीएनएस हेही अचूक भरावे लागतात. गेटवे चुकला, तर घरातला प्रिंटर चालतो, पण इंटरनेट मिळत नाही.

याहून चांगली सोय बहुतेक राऊटरमध्येच असते. उपकरणाचा मॅक क्रमांक, म्हणजे त्याच्या जाळेजोडणीची ४८ बिटांची ओळख, नोंदवून ठेवला की राऊटर त्याला दर वेळी तोच पत्ता देतो आणि सगळी नोंद एकाच ठिकाणी राहते. प्रिंटरवर हाताने पत्ता लिहिण्यापेक्षा हाच मार्ग पत्करावा. मात्र फोनसाठी तो वापरताना, नव्या फोनमध्ये खरा मॅक क्रमांक झाकणारी जी सोय असते, ती त्या जाळ्यापुरती बंद करावी.