विश्लेषण : ड्रोनचा रिमोट संगणकाला जोडून घरीच सराव कसा करायचा?

चंद्रपूर आणि गडचिरोलीत ड्रोन शिकणाऱ्यांपुढे पैशांइतकीच मोठी अडचण जागेची असते. गडचिरोलीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगलाने व्यापलेला आहे. चंद्रपुरात ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प, भद्रावतीची आयुध निर्माणी आणि महाऔष्णिक वीज केंद्र आहे. त्यामुळे मनात आले आणि उडवला, असे करता येत नाही. शिवाय नवशिक्याच्या हातून ड्रोन सागाच्या झाडीत पडला, तर तो शोधायला वाघ-अस्वलांच्या वाटेवर जावे लागते. यावर सोपा उपाय म्हणजे आपलाच रिमोट संगणकाला जोडून सिम्युलेटरवर हात बसवणे.

एवढ्या सरावाची गरज काय?

ड्रोन आता केवळ लग्नाच्या चित्रीकरणापुरता राहिलेला नाही. २०१८ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा परिसरात ‘अवनी’ वाघिणीच्या शोधात ड्रोन वापरले गेले. केंद्राच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत देशभरातील १५ हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. योजनेतील प्रशिक्षण १५ दिवसांचे आहे आणि त्यात प्रत्यक्ष ड्रोन चालवण्याचे प्रशिक्षण ५ दिवसांचे. एवढ्या दिवसांत नियम समजतात, पण बोटांना सवय लागायला जास्त वेळ लागतो. धानाच्या बांध्यांवरून उडताना समोर मोहाचे झाड किंवा विजेची तार आली, की विचार करायला वेळ नसतो.

कीबोर्डवर का शिकू नये?

कीबोर्डची कळ एक तर दाबलेली असते किंवा सुटलेली. रिमोटची दांडी मात्र केसभर सरकवता येते आणि ड्रोन तेवढाच हलतो. गेमच्या कंट्रोलरवर डावी दांडी सोडली, की आपोआप मधे येते. ड्रोनच्या बऱ्याच रिमोटवर वर-खाली नेणारी दांडी, म्हणजे थ्रॉटल, सोडली त्या जागीच थांबते. चुकीच्या साधनावर लागलेली सवय पुढे मैदानात महागात पडते.

रिमोट आणि संगणक एकमेकांशी बोलतात कसे?

अनेक रिमोटना मागे एक ‘ट्रेनर पोर्ट’ असतो. मुळात तो गुरू-शिष्यासाठी आहे. दोन रिमोट वायरने जोडले, की शिष्य उडवतो आणि चूक दिसली, की गुरू ताबा घेतो. सिम्युलेटरमध्ये गुरूच्या रिमोटच्या जागी संगणक येतो, एवढाच फरक.

या वायरमधून सहसा ‘पीपीएम’ नावाचा संकेत जातो. प्रत्येक दांडीची जागा वेळेच्या मापात सांगितली जाते. दांडी एका टोकाला असेल तर साधारण १ मिलिसेकंद, मधोमध १.५ आणि दुसऱ्या टोकाला २. अशा आठ चॅनेलची माहिती सुमारे २२.५ मिलिसेकंदांत पूर्ण होते, म्हणजे सेकंदाला साधारण ४४ वेळा ती नव्याने पाठवली जाते. यूएसबी अडॅप्टर ही वेळ मोजून संगणकाला सांगतो, की ‘मी जॉयस्टिक आहे’. नव्या रिमोटमध्ये हे काम आतच होते.

जोडण्याचे मार्ग कोणते?

१. थेट यूएसबी : एजटीएक्स प्रणालीवर चालणारे रिमोट (उदा. रेडिओमास्टर) सुरू करून केबल लावा आणि पडद्यावर ‘यूएसबी जॉयस्टिक’ निवडा. केबल डेटा वाहून नेणारी हवी. फक्त चार्जिंगची केबल लावली, तर संगणकाला काहीच दिसत नाही.

२. ट्रेनर पोर्ट आणि अडॅप्टर : फ्लायस्काय एफएस-आय६ सारख्या स्वस्त रिमोटला मागे गोल खाच असते. तिच्या मापाची सिम्युलेटर केबल ऑनलाइन काही शे रुपयांत मिळते. काही रिमोटच्या मेनूत ‘स्टुडंट मोड’ सुरू करावा लागतो.

३. बिनतारी डोंगल : संगणकाच्या यूएसबीत छोटा रिसीव्हर बसतो. तो आपल्या रिमोटच्याच प्रणालीचा असावा लागतो.

कॅमेरा ड्रोनसोबत येणारे अनेक रिमोट संगणकाला जॉयस्टिक म्हणून दिसत नाहीत. त्यामुळे खरेदीपूर्वी खात्री करा.

जोडण्याआधी एक काळजी घ्या. सराव सुरू असताना खऱ्या ड्रोनची बॅटरी काढून ठेवा. रिमोट संकेत पाठवत असेल, तर खोलीतच पंखे फिरू शकतात.

जोडला, पण पडद्यावरचा ड्रोन भरकटतो. का?

बहुतेक वेळा कारण कॅलिब्रेशन असते. आधी रिमोटवरचे सगळे ट्रिम शून्यावर आणा. विंडोजमध्ये गेम कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये जाऊन दांड्या हलवल्यावर पट्ट्या हलतात का, ते पाहा. मग सिम्युलेटरमध्ये कॅलिब्रेशन सुरू करून दांड्या मधे ठेवा आणि सांगितल्यावर चारही टोकांना फिरवा.

दुसरे कारण ‘मोड’. भारतात मोड २ सर्रास वापरला जातो. त्यात डावी दांडी वर-खाली आणि स्वतःभोवती फिरण्यासाठी असते, उजवी पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे जाण्यासाठी. एखादी दिशा उलटी असेल, तर ती सिम्युलेटरमध्ये सुलटी करा. रिमोटमध्ये बदलली आणि विसरलात, तर खरा ड्रोन मैदानात उलटा वागेल. रिमोटमध्ये सिम्युलेटरसाठी वेगळी मॉडेल मेमरी ठेवणे उत्तम.

घरी संगणक नसेल तर?

अनेक अँड्रॉइड फोन ओटीजी केबलद्वारे जॉयस्टिक ओळखतात. एफपीव्ही फ्रीरायडर फोनवरही चालते. संगणकासाठी लिफ्टऑफ, व्हेलोसिड्रोन, रिअलफ्लाइट असे पर्याय आहेत, पण विकत घेण्याआधी आपल्या संगणकाची क्षमता तपासा. एकदा डाउनलोड झाल्यावर सरावाला सतत इंटरनेट लागणार नाही असे सिम्युलेटर निवडले, तर भामरागड, सिरोंचासारख्या भागात सोयीचे.

सराव कशाचा करायचा?

सुरुवातीला कसरती नकोत. ड्रोनची शेपटी आपल्याकडे ठेवून एका जागी स्थिर धरा. मग बाजू आपल्याकडे आणि शेवटी तोंड आपल्याकडे ठेवून तेच करा. तोंड आपल्याकडे आले, की डावे-उजवे उलटते. नवशिक्यांचे बरेच अपघात इथेच होतात. त्यानंतर चौकोन, आठचा आकडा आणि ठरलेल्या जागी उतरणे.

पुढच्या टप्प्यात वारा वाढवा आणि जीपीएसची मदत बंद करा. दाट झाडीखाली उपग्रहाचा संकेत क्षीण होऊ शकतो. मग ड्रोन वाऱ्यासोबत वाहू लागतो आणि त्याला हाताने धरावे लागते.

मग थेट उडवता येईल का?

नाही. सिम्युलेटर परवाना देत नाही. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो आणि बिगर-व्यावसायिक वापरातील २ किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. फवारणीच्या मोठ्या ड्रोनला ते लागते. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेचे प्रशिक्षण आवश्यक आहे.

ड्रोन कितीही लहान असला, तरी हवाई क्षेत्राचे निर्बंध लागू असतात. नकाशातील हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. मात्र ताडोबा, चपराळा, भामरागड अशा संरक्षित वनक्षेत्रांत वन विभागाची परवानगी हवी. गडचिरोलीत उडवण्याआधी पोलीस ठाण्यातही विचारा.

सिम्युलेटरवर उडणारी धूळ, संपत आलेली बॅटरी आणि ड्रोनवर झेपावणारी घार यांचा अनुभव मिळत नाही. तो मैदानातच येतो. पण तोंड आपल्याकडे असताना कुठली दांडी कुठे ढकलायची, याचा गोंधळ पडद्यावर पन्नास वेळा आपटून संपवता येतो आणि त्यासाठी एकही पंखा विकत घ्यावा लागत नाही.