मोबाईलमध्ये झकास, छापल्यावर धुरकट! पेपरात, स्मरणिकेत फोटो नीट येण्यासाठी काय कराल?

पनवेल : उत्सवाची स्मरणिका असो, पेपरातली बातमी असो की घरच्या माणसाच्या पुण्यतिथीची जाहिरात, फोटो आता मोबाईलवरूनच जातो. स्क्रीनवर तो छान दिसतो आणि छापून आला की चेहरा ओळखू येत नाही. पनवेल-उरण पट्ट्यात हे जरा जास्तच लागतं. विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी गावं उठली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटनही झालं. ज्या अंगणात लग्नं लागली ते अंगण आता फक्त फोटोत राहिलंय, आणि त्यातले बरेच फोटो व्हॉट्सअॅपवर फिरून बारीक झालेत.

सगळा खेळ पिक्सेलचा, म्हणजे फोटोतल्या ठिपक्यांचा. चांगल्या कागदावरच्या स्मरणिकेला एका इंचात ३०० ठिपके लागतात, पेपराच्या कागदाला साधारण २०० पुरतात. गॅलरीत फोटो उघडून ‘डिटेल्स’ किंवा ‘इन्फो’ दाबा. तिथे ४०००×३००० असा आकडा दिसेल. त्याला ३०० ने भागलं की १३ इंच बाय १० इंच, म्हणजे स्मरणिकेचं पूर्ण पान आरामात भरतं. तोच फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला तर लांब बाजू १६०० च्या आसपास येते. ठिपक्यांचा जेमतेम सहावा हिस्सा उरतो. पेपरातल्या दोन कॉलमला तो चालून जाईल, पण स्मरणिकेत पाच इंचांच्या पुढे ताणला की फाटलाच म्हणून समजा.

उपाय साधा आहे. पाठवताना क्लिपचं चिन्ह दाबून ‘गॅलरी’ऐवजी ‘डॉक्युमेंट’ निवडा आणि तिथून फोटो जोडा. मूळ फाईल जशीच्या तशी पोचते. ‘एचडी’चं बटण नेहमीपेक्षा बरं, पण तेही फोटो दाबतंच. ई-मेल किंवा गुगल ड्राइव्हची लिंकही चालेल. वर्डच्या फाईलमध्ये चिकटवून मात्र पाठवू नका, आणि स्टेटसचा स्क्रीनशॉट तर नकोच. आयफोनवाल्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ ठेवावं, नाहीतर प्रेसच्या जुन्या कॉम्प्युटरवर फाईल उघडत नाही.

काही जण अॅपमधून फोटोला ‘३०० डीपीआय’ करून आणतात. नुसता आकडा बदलून ठिपके वाढत नाहीत, पाटीवरचं किलोमीटर बदलून गाव जवळ येत नाही तसंच ते. फोटो ‘क्लिअर’ करून देणारी एआय अॅपं त्याहून घातक. नसलेले ठिपके ती स्वतःच्या अंदाजाने भरतात. श्रद्धांजलीच्या फोटोत वडिलांचे डोळेच वेगळे आले तर काय उपयोग?

काढतानाच थोडं बघितलं तर निम्मं काम होतं. बोटांनी झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. ‘शॉट ऑन’चा शिक्का बंद ठेवा. फिल्टर नको. पेपराचा कागद शाई पितो, ठिपका पसरतो, त्यामुळे मोबाईलवर थोडा काळपट वाटणारा चेहरा छापल्यावर काळाठिक्कर होतो. टोपीच्या किंवा मंडपाच्या सावलीतला माणूस उजेडाकडे वळवून उभा करा. स्क्रीन उजेडाची असते, छपाई निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या अशा चार शायांची. म्हणून हळदीतला झगझगीत हिरवा रंग कागदावर तसा उतरत नाही. ते रंगांचं काम प्रेसच्या ऑपरेटरवर सोडा. फ्लेक्सचं वेगळं, तो लांबून बघायचा असतो. चांगला मूळ फोटो दहा फुटांवरही निभावतो.

जुन्या फोटोंना जास्त जपायला हवं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान भागात जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झालं, पाच जण हुतात्मा झाले. त्या काळचे फोटो कुणाच्या पेटीत, अल्बममध्ये असतील तर मोबाईलने घाईत टिपू नका. झेरॉक्सच्या दुकानात ६०० डीपीआयवर स्कॅन करून मागा. ४×६ इंची फोटोचे २४००×३६०० ठिपके मिळतात, ए-फोर पान जवळजवळ भरतं. स्कॅनर नसेल तर फोटो फ्रेममधून काढा, ओटीवर सावलीत सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा आणि मोबाईल बरोबर वर, आडवा धरा. काचेवर चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.

फोटोसोबत मजकूर वेगळा लिहून द्या : गाव, तारीख, डावीकडून कोण कोण, फोटो कुणी काढला. फोटोवरच नावं टाकली तर ती खोडता येत नाहीत. आणि छापून हातात येईपर्यंत मूळ फोटो मोबाईलमधून डिलीट करू नका. मेमरी भरली असेल तर आधी पेन ड्राइव्हवर उतरवा.